असेम्ब्लीतला 'जर', 'तोवर' आणि 'परत'

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत मायक्रोप्रोसेसरची प्रात्यक्षिकं असतात. लिनक्स, नॅझम (असेम्ब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेम्ब्लर), ६४ बिट. त्यातला एक हमखास भेटणारा प्रयोग म्हणजे रांगेतल्या धन आणि ऋण संख्या मोजा. अशी कुठलीही फाईल उघडली की लेबलं, म्हणजे उडी मारून पोचायच्या ठिकाणांची नावं, साधारण एकाच घराण्यातली दिसतात: अप, अप१, नेक्स्ट, स्किप, बॅक, एल१, एल२. प्रोग्राम चालतो, व्हायव्हा होतो, जर्नलवर सही मिळते. महिन्याभराने तीच फाईल उघडली तर 'स्किप' म्हणजे काय टाळायचं होतं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याचं खापर असेम्ब्लीवर फोडतात, ते मला पटत नाही. सीमध्ये इफ, व्हाइल, फंक्शन, स्ट्रक्चर हे सगळं कंपायलर सांभाळतो. असेम्ब्लरच्या लेखी लेबल म्हणजे एक पत्ता आणि रजिस्टर (प्रोसेसरच्या आतला छोटा साठा) म्हणजे ६४ बिट, बस. त्यामुळे या कल्पना टिकवायच्या तर त्या फाईलच्या मांडणीत, नावांत आणि प्रत्येक फंक्शनच्या करारात टिकवाव्या लागतात. मॅक्रो, म्हणजे असेम्बल होताना पूर्ण मजकुरात उलगडणारी नावं, नंतर येतात. बरेच जण उलट्या क्रमाने जातात: आधी झकास मॅक्रो, मग कधीतरी नावं. त्यातून निघतो तो दिसायला सीसारखा आणि चुकायला असेम्ब्लीसारखा कोड.

(सूचना आणि रजिस्टरांची नावं इथे लॅबमध्ये बोलतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना अर्थातच रोमन. सीएमपी आणि टेस्ट तपासतात, 'जे'ने सुरू होणाऱ्या सूचना उड्या मारतात, रेट बोलावणाऱ्याकडे परततं.)

वरच्याच प्रयोगाचं घ्या. कोडला हात लावण्याआधी टिप्पणीत तीन ओळी मराठीत लिहा: प्रत्येक संख्येसाठी; जर संख्या शून्याहून लहान, तर ऋण एकने वाढव; नाहीतर धन एकने वाढव. तिसऱ्या ओळीशी थबकायला होतं. शून्याचं काय? प्रचलित पद्धतीत ६३वा बिट तपासून उडी मारतात, म्हणजे शून्य गुपचूप धन संख्यांत जमा होतं. बिटची भाषा बोलत राहिलं तर हा प्रश्न समोर येतच नाही. 'जर, नाहीतर' लिहिलं की लगेच येतो. ठरवा, आणि ठरवलेलं लिहून ठेवा.

फक्त ऋण संख्या मोजणारं फंक्शन असं दिसेल:

```
; मोज_ऋण
; घेतो    : आरडीआय = चिन्हांकित संख्यांच्या रांगेचा पत्ता
;           आरएसआय = किती संख्या (० चालेल)
; देतो    : आरएएक्स = शून्याहून लहान संख्यांची मोजणी
; बिघडवतो : आरडीआय, आरएसआय, फ्लॅग
मोज_ऋण:
    मूव्ह    ईएएक्स, ०
    जम्प    .तपास
.फेरी:
    सीएमपी  क्यूवर्ड [आरडीआय], ०
    जेजीई   .ऋण_नाही
    इंक     आरएएक्स
.ऋण_नाही:
    ॲड     आरडीआय, संख्येचे_बाइट
    डेक     आरएसआय
.तपास:
    टेस्ट    आरएसआय, आरएसआय
    जेएनझेड .फेरी
    रेट
```

यात दोन साचे आहेत, आणि बहुतेक सगळं नियंत्रण या दोन साच्यांतच बसतं.

पहिला 'जर'. मनात अट असते 'शून्याहून लहान असेल तर वाढव'. कोडमध्ये उडी लिहायची ती उलट अटीची: लहान नसेल तर पुढे जा. म्हणजे जेएलची अट मनात, जेजीई कागदावर. जोड्या पाठच असाव्यात: जेईला जेएनई, जेएलला जेजीई, जेजीला जेएलई, बिनचिन्ह संख्यांसाठी जेबीला जेएई, जेएला जेबीई. उलट अट लिहिली की 'तर'चा मजकूर थेट खाली येतो आणि डोळा वरून खाली वाचत जातो. सरळ अटीची उडी मारली तर 'तर'चा भाग दूर कुठेतरी जातो, परत यायला आणखी एक उडी लागते, आणि पाहता पाहता शेवयांचा गुंता होतो. लेबलाचं नावही उलट अटीवरून ठेवा. '.ऋण_नाही' वाचून कळतं की इथे कोण आणि का पोचलं. 'स्किप' वाचून तेवढं कळत नाही.

जेजीई आणि जेएई यांची अदलाबदल ही सगळ्यात शांतपणे होणारी चूक. वरच्या फंक्शनमध्ये जेजीईऐवजी जेएई टाका. बिनचिन्ह तुलनेत कुठलीही संख्या शून्याहून लहान असू शकत नाही, त्यामुळे उडी दरवेळी बसते आणि मोजणी कायम शून्य. असेम्ब्लर चकार शब्द काढत नाही. सीमध्ये चिन्ह असणं हा चलाचा गुण असतो, इथे तो उडीचा गुण आहे. म्हणून फंक्शनच्या माथ्यावर संख्या चिन्हांकित की बिनचिन्ह हे लिहायलाच हवं.

तुलना आणि उडी यांच्यामध्ये काही घुसवू नये हा दुसरा नियम. मूव्ह आणि लीआ फ्लॅगना, म्हणजे तुलनेचा निकाल धरणाऱ्या बिटांना, हात लावत नाहीत, तेवढे दोन चालतील. ॲड, सब, अँड, झॉर लावतात. इंक आणि डेक कॅरी सोडून बाकीचे बदलतात. नेहमीचा अपघात असा: रजिस्टर शून्य करायला सवयीने झॉर ईएएक्स, ईएएक्स लिहिलं जातं, ते तुलनेनंतर पडतं, झीरो फ्लॅग एक होतो आणि पुढची जेई दरवेळी उडते. तिथे मूव्ह ईएएक्स, ० लिहा. सूचना दोनऐवजी पाच बाइटची होते, होऊ दे.

दुसरा साचा 'तोवर'. तपास खाली ठेवलाय आणि सुरुवातीलाच त्यावर उडी मारलीय. एक तर दर फेरीला एकच उडी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शून्य लांबीची रांग आली तरी आतला मजकूर एकदाही चालत नाही. लूप ही सूचना वापरली तर हे संरक्षण जातं. ती आधी आरसीएक्स एकने कमी करते आणि मग शून्य आहे का पाहते. सुरुवातीलाच शून्य असेल तर ते २ चा ६४वा घात उणे १ होतं.

लूपशी माझं तसंही फारसं जमत नाही. तिची उडी फक्त १२८ बाइट मागे आणि १२७ पुढे जाऊ शकते. फेरीत एखाददुसरा मॅक्रो टाकला की तो उलगडून मजकूर फुगतो आणि नॅझम 'शॉर्ट जम्प आउट ऑफ रेंज' म्हणून अडवतो. साध्या शर्तीच्या उड्यांना नॅझम गरजेप्रमाणे लांब रूप स्वतःच देतो. लूपला लांब रूपच नाही.

खरा घात मात्र सिस्टिम कॉलचा, म्हणजे छपाईसारखं काम कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) मागण्याचा. सिसकॉल सूचना परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये ठेवते आणि फ्लॅग आर११मध्ये. दोन्हींतला आधीचा मजकूर गेला. रांगेतले पाच आकडे छापायचेत, मोजणी आरसीएक्समध्ये आहे, आत छपाईचा सिसकॉल आहे: पहिल्याच फेरीनंतर आरसीएक्समध्ये पाचाच्या जागी कोडचा पत्ता, म्हणजे साध्या स्टॅटिक प्रोग्राममध्ये बेचाळीस लाखांच्या आसपासचा आकडा. लूप तो एकने कमी करते, पुढचा सिसकॉल पुन्हा भरतो. पडद्यावर आधी पाच बरोबर आकडे, मग कचरा, आणि रांगेचा पॉइंटर मेमरीच्या हद्दीबाहेर गेला की सेगमेंटेशन फॉल्ट. 'माझं उत्तर बरोबर येतं पण शेवटी क्रॅश होतो' ही तक्रार ऐकली की आधी इथे पाहावं. मोजणी आरबीएक्स किंवा आर१२मध्ये ठेवली की प्रश्न मिटतो.

फंक्शनचा करार

वरच्या टिप्पण्या, म्हणजे घेतो, देतो, बिघडवतो, हा करार आहे. एकेका सूचनेपुढच्या टिप्पण्यांपेक्षा मला त्याची किंमत जास्त वाटते. 'इंक आरएएक्स, आरएएक्स वाढवला' ही टिप्पणी कुणाच्याच कामाची नाही. पण 'बिघडवतो' ही ओळ नसेल तर बोलावणाऱ्याला आतलं सगळं वाचावं लागतं, आणि मग फंक्शन केलं कशाला?

करार स्वतःच्या मनाने ठरवू नका, लिनक्सवर तो ठरलेला आहे. पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ यांत, उत्तर आरएएक्समध्ये. आरबीएक्स, आरबीपी, आर१२ ते आर१५ आणि स्टॅक पॉइंटर आरएसपी हे जसे मिळाले तसे परत करायचे, बाकीचे बिघडले तरी चालतात. सिस्टिम कॉलला चौथी गोष्ट आरसीएक्सऐवजी आर१०मध्ये जाते, कारण वर पाहिलं तेच: आरसीएक्स सिसकॉल स्वतःच वापरतो.

राखून ठेवायची रजिस्टरं सुरुवातीला पुश (स्टॅक या तात्पुरत्या साठ्यावर ठेवा) आणि शेवटी उलट क्रमाने पॉप (परत काढा). मधूनच परतायचं असेल तर तिथेच रेट लिहू नये, '.परत' या एकाच लेबलाकडे उडी मारावी. एक पॉप राहिला तर रेट स्टॅकवरचा दुसराच आकडा परतीचा पत्ता समजून तिकडे निघून जातं, आणि डीबगरमध्ये दिसणारा पत्ता कुठल्याच फंक्शनचा नसतो.

सीच्या लायब्ररीतलं काही बोलावणार असाल तर कॉलच्या क्षणी स्टॅक पॉइंटर १६ने भागला गेला पाहिजे. फंक्शनमध्ये शिरताना परतीच्या पत्त्यामुळे तो ८ने सरकलेला असतो, म्हणजे पुशची संख्या विषम हवी किंवा ८ बाइट वेगळे वजा करायला हवेत. हे चुकलं तर गंमत अशी की कधी चालतं, कधी प्रिंटएफच्या पोटात मूव्हॲप्स या सूचनेवर फुटतं, आणि माणूस दोष शोधतो फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये. प्रिंटएफला एएलमध्ये किती व्हेक्टर रजिस्टरं भरली हेही सांगावं लागतं. दशांश आकडे पाठवत नसाल तर शून्य.

नावं आणि ठिगळं

आकडा कोडमध्ये उघडा ठेवू नये, इक्यूयूने त्याला नाव द्यावं. रांगेची लांबीसुद्धा हाताने मोजू नका: रांग संपल्यावर लगेच 'किती इक्यूयू ($ - रांग) / ८' लिहिलं की असेम्ब्लर मोजतो. लगेच म्हणजे अगदी पुढच्याच ओळीत. मध्ये एखादा संदेश घुसला तर त्याचे बाइटही मोजले जातात.

इक्यूयूचं नाव चौकटी कंसात टाकणं ही नवख्यांची ठरलेली चूक. 'किती' म्हणजे ५ असेल तर '[किती]' म्हणजे मेमरीतल्या ५ क्रमांकाच्या पत्त्यावरचा मजकूर, आणि तिथे सेगमेंटेशन फॉल्ट वाट पाहत असतो. उलट चूकही तितकीच: चलाचं नाव कंसाविना लिहिलं की किंमत येत नाही, पत्ता येतो. मी स्थिरांकांना शेवटी '_स्थि' जोडण्याच्या बाजूचा आहे. दिसायला बोजड, पण कंस हवा की नको ते नावातच कळतं.

%डिफाइन वापरून रजिस्टरालाच 'मोजणी' असं नाव देता येतं. छोट्या फंक्शनात छान वाटतं. मोठ्या फंक्शनात आर१२ला दोन जागी दोन नावं पडतात आणि एकाने दुसऱ्याचा मजकूर पुसला तरी नजरेला पडत नाही. शिवाय 'मोजणी'चा ३२ बिटांचा भाग हवा असेल तर त्याला वेगळं नाव लागतं. द्यायचंच तर फंक्शनच्या माथ्यावर द्या आणि रेटनंतर लगेच %अनडेफ करा.

नॅझमच्या स्ट्रक आणि एंडस्ट्रकने फील्डांना नावं मिळतात. ती बिंदूने सुरू करा, म्हणजे 'विद्यार्थी.गुण' असं पूर्ण नाव होतं आणि 'विद्यार्थी_साइझ' आपोआप मिळतो. खाचखळगा एकच: नॅझम रिकामी जागा स्वतः सोडत नाही. ४ बाइटचा रोल नंबर, २ बाइटचे गुण आणि ८ बाइटचा नावाचा पॉइंटर असेल तर नॅझममध्ये पॉइंटर सहाव्या बाइटपासून सुरू होतो आणि आकार १४. सीचा कंपायलर तोच पॉइंटर आठव्या बाइटवर ठेवतो, आकार १६. दोन्हीकडून एकच रचना वापरायची असेल तर पॉइंटरच्या आधी अलाइनबी ८ लिहा.

मेनू असलेल्या प्रयोगांत, हेक्सचं बीसीडी (दशमान अंक एकेक करून बिटांत मांडणं) आणि बीसीडीचं हेक्स वगैरे, तुलनांची उतरंड लावतात. चार पर्यायांपर्यंत ठीक. त्यापुढे पत्त्यांचं कोष्टक बरं. टाईप झालेला बाइट मूव्हझेडएक्सने ईएएक्समध्ये घ्या, त्यातून '१' हे अक्षर, म्हणजे हेक्स ३१, वजा करा, पर्याय पाच असतील तर ४शी तुलना करा, जेएने चुकीच्या पर्यायाकडे पाठवा, नाहीतर [कोष्टक + आरएएक्स*८] वर उडी. इथे बिनचिन्ह जेए मुद्दाम आहे: '१'हून लहान अक्षर आलं तर वजाबाकीनंतर ते प्रचंड मोठी बिनचिन्ह संख्या होतं, आणि एकाच तुलनेत दोन्ही हद्दी राखल्या जातात. मूव्हझेडएक्सऐवजी नुसतं एएलमध्ये घेतलं तर वरचे बिट आधीचेच राहतात आणि उडी कुठेही जाते.

मॅक्रो, बेताने

पुण्यातल्या या प्रयोगांत चार गोष्टी घेणारा सिस्टिम कॉलचा मॅक्रो फाईलीफाईलीतून फिरतो: आरएएक्स, आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स या क्रमाने भरायचे आणि सिसकॉल. उपयोगी आहे, पण तो फंक्शन नाही, नुसती मजकुराची अदलाबदल आहे. रीडने किती बाइट आले ते आरएएक्समध्ये सांगितलं. तेच लगेच छापायचे म्हणून चौथ्या जागी आरएएक्स दिला. मॅक्रो आधी आरएएक्समध्ये राइटचा क्रमांक १ टाकतो आणि मग आरडीएक्समध्ये आरएएक्स भरतो, म्हणजे १. पडद्यावर एकच अक्षर. तसंच तिसऱ्या जागी आरडीआय दिला तर तोवर त्यातही १ झालेला असतो. कर्नल पत्ता नाकारतं, आरएएक्समध्ये उणे १४ येतं, क्रॅश नाही, संदेश नाही, काहीच छापलं जात नाही. या मॅक्रोला रजिस्टर द्यायचंच नाही किंवा मॅक्रोच्या आधी ते हाताने बरोबर जागी न्यायचं. रीडच्या आकड्यात एंटरचा बाइटही धरलेला असतो, हे जाता जाता.

मॅक्रोच्या आत साधं लेबल लिहिलं तर दुसऱ्या वापराला 'लेबल पुन्हा आलं' अशी चूक येते. त्यासाठी %% ने सुरू होणारी लेबलं आहेत, दर उलगड्याला नवं नाव मिळतं.

इफ, एल्स, एंडइफ हे मॅक्रोही नॅझममध्ये बांधता येतात. %पुशने एक संदर्भ उघडायचा, %$ ची लेबलं त्या संदर्भापुरती, आणि उलटी अट हवी म्हणून 'जे%-१' लिहायचं: मॅक्रोला 'एल' दिलं तर हे स्वतः 'जेएनएल' करतं, म्हणजे जेजीईचंच दुसरं नाव. एंडइफमध्ये %इफसीटीएक्सने पाहायचं की आपण खरंच एखाद्या इफमध्ये आहोत का, नसलो तर %एररने थांबवायचं. एकात एक इफही बरोबर जुळतात. काम चोख होतं, पण तुलना मॅक्रोच्या बाहेरच राहते, आणि 'हे आणि ते' अशी जोडअट आली की मॅक्रोची कसरत सुरू होते. मायक्रोसॉफ्टच्या मॅझमने १९९१च्या ६.० आवृत्तीत .इफ, .व्हाइल असेम्ब्लरमध्येच आणले, त्यात अटही आतच लिहिता येते. तिथला सापळा वेगळा: रजिस्टरं बिनचिन्ह धरली जातात. '.इफ ईएएक्स < ०' कधीच खरं होत नाही, चिन्हांकित तुलना हवी हे वेगळं सांगावं लागतं. चिन्हाचा प्रश्न मॅक्रोखाली झाकला गेला एवढंच.

माझा कल असा की लेबलांची नावं नीट असतील तर इफचे मॅक्रो लागत नाहीत, आणि नावं नीट नसतील तर मॅक्रोही वाचवत नाहीत. एखादं काम शेकडो ठिकाणी त्याच साच्यात येत असेल तर मात्र त्याची वेगळी छोटी भाषाच करावी. अपोलोच्या मार्गदर्शक संगणकात हेच होतं: १५ बिटांच्या शब्दांच्या त्या यंत्रावर व्हेक्टर आणि दुहेरी अचूकतेची गणितं इंटरप्रिटरच्या सूचनांमध्ये लिहिलेली होती. वेग कमी, पण जागा वाचली आणि समीकरण समीकरणासारखं वाचता आलं.

मॅक्रो नक्की काय उलगडतो हे पाहायला नॅझमला मोठ्या ई चा पर्याय द्या, नुसता उलगडलेला मजकूर मिळतो. छोट्या एल ने लिस्टिंग मिळतं, त्यात बाइटही दिसतात. जीडीबी या डीबगरमध्ये ओळींसकट पाहायचं तर असेम्बल करताना '-जी -एफ ड्वार्फ' लागतं, त्यातला एफ मोठा.

जुनी, चालणारी पण वाचायला कठीण फाईल सुधारायची असेल तर आधी फक्त लेबलं, इक्यूयू आणि स्ट्रक बदला. सूचनांना हात नको. बदलाआधीच्या आणि नंतरच्या ऑब्जेक्ट फाईलमधून ऑब्जकॉपीने .टेक्स्ट (कोडचा) विभाग बायनरी म्हणून काढा आणि दोन्ही सीएमपीला द्या (सूचना नव्हे, लिनक्सची फाईली ताडून पाहणारी कमांड). या टप्प्यावर सगळे बाइट जसेच्या तसे जुळायला हवेत, कारण नाव बदलल्याने यंत्रभाषा बदलत नाही. एक बाइट जरी वेगळा निघाला तरी नावापलीकडचं काहीतरी हललंय, आणि सीएमपी त्याचं ठिकाणही सांगतं. ते सापडेपर्यंत उलट्या अटी आणि खाली नेलेले तपास सुरू करू नका. तिथपासून बाइट बदलणारच आणि ही तुलना हाताशी राहणार नाही.